मागून ठोकलं, आणि मी म्हणालो, ‘आमचं मिटलं’

आज पाहुणे नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. तुमच्यातले बरेच जण आत्ता लोकलमध्ये उभ्यानं ऐकत असतील, आणि काही जण शीळ रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी बंद करून. त्या शीळ रोडवाल्यांनी आज जरा जास्त लक्ष द्या.

विषय असा आहे. तुम्ही गाडी नीट चालवताय, किंवा चालवतही नाही, नुसते उभे आहात, आणि कोणीतरी येऊन ठोकतं. चूक तुमची नाही. मग पुढं काय करायचं? मला आधी वाटायचं, चूक माझी नाही ना, मग काळजी कसली? मागून ठोकलंय, आंधळ्यालाही दिसेल. आणि खरंच, सगळ्यांना दिसलं होतं. फक्त ज्यांना दिसलं, ते पंधरा मिनिटांत आपापल्या वाटेनं घरी गेले. कागदावर काहीच राहिलं नाही.

झालं काय, ते सांगतो. मागच्या वर्षी जुलैचा शेवट, रविवार, संध्याकाळचे सात-साडेसात. ठाण्याला नौपाड्यात आत्याकडे जेवण होतं. आई तिथंच राहिली, मी आणि बाबा आमच्या जुन्या वॅगन-आरमधून डोंबिवलीला परत निघालो. माणकोलीच्या पुलावरून ये, असं बाबा सांगत होते. मी म्हटलं, आपण ईस्टचे, वेस्टला उतरून परत पूल ओलांडायचा कशाला? शीळफाट्यावरून आलो. (हे बाबा मला आजही ऐकवतात.) काटई नाका सोडला, मेट्रोच्या बॅरिकेडमुळे रस्ता चिंचोळा झालेला, पाऊस धो धो, पुढची रांग थांबली म्हणून मी थांबलो. पाच-सात सेकंद गेले असतील. मागून टेम्पो आला आणि धाड्कन बसला.

डिकी आत गेली. बाबा पुढच्या सीटवर होते, बेल्ट लावलेला होता. मान मागं आपटली आणि पुढं गेली. मी विचारलं, ‘बाबा, लागलं का?’ ते म्हणाले, ‘काही नाही रे, तू गाडी बघ.’ मी उतरलो आणि तावातावानं ओरडायला लागलो. टेम्पो चालवणारा पोरगा बावीस-तेवीसचा, थरथरत होता. ‘दादा, ब्रेक लागला नाही, दादा, पाणी होतं.’ मागं हॉर्न सुरू झाले, माणसं जमली. आपल्याकडे जमलेली माणसं फार लवकर न्यायाधीश होतात. आधी सगळे त्याच्यावर ओरडले, पाच मिनिटांनी सगळे माझ्यावर. ‘साहेब, जाऊ द्या ना, गरीब माणूस आहे. रस्ता अडलाय.’

तेवढ्यात बाईकवरून टेम्पोचा मालक आला. एकदम गोड बोलणं. बाबांना काका-काका म्हणाला, मला भाऊ. ‘भाऊ, पोलीसबिलीस नको, दोन्हीकडून नुसता वेळ जातो. पाच हजार घ्या.’ दोन हजार रोख दिले, तीन हजार यूपीआयनं पाठवले. आणि मग अगदी सहज मोबाईल काढून म्हणाला, ‘एक छोटं बोला ना भाऊ, म्हणजे माझ्या पोराला टेन्शन नको.’ मी पावसात भिजत कॅमेऱ्याकडे बघून म्हणालो, ‘आमचं मिटलं, माझी काही तक्रार नाही.’

मी स्वतः किती फोटो काढले होते, माहितीये? दोन. दोन्ही माझ्या बंपरचे. दिवसभर जेवणाच्या ताटाचे फोटो काढणारा मी.

घरी आलो. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्यानं अंदाज सांगितला, अडतीस हजार. ते एक वेळ सोडा. तिसऱ्या दिवशी बाबांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या. आता तुम्हाला सांगायला हवं, बाबा घड्याळं दुरुस्त करतात. स्टेशनजवळ छोटा गाळा आहे, चाळीस वर्षं झाली. डोळ्याला भिंग लावून चिमट्यानं केसाएवढा स्क्रू उचलायचा, हे त्यांचं काम. त्या दिवशी चिमट्यातून स्क्रू तीनदा पडला. घरी आल्यावर त्यांनी हे आईला सांगितलं, मला नाही.

डॉक्टरकडे गेलो. आणि इथं मी दुसरा घोटाळा केला. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, मान अवघडलीये, तीन दिवस झाले. अपघात हा शब्दच माझ्या तोंडून निघाला नाही. मला वाटलं, ते प्रकरण तर मिटलंय. केस पेपरवर तेच आलं, तीन दिवसांपासून मानदुखी. एमआरआयमध्ये मानेतली चकती सरकून नस दबलेली निघाली. कॉलर लावायची, फिजिओथेरपी, दोन महिने गाळा बंद.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काकू आहेत, ठाण्याच्या कोर्टात वकिली करतात. आईनं मला ढकलतच त्यांच्याकडे पाठवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘व्हिडिओत बाबा बोललेत का?’ म्हटलं, नाही, मी बोललो. ‘मग तुझं मिटलं असेल. मान त्यांची आहे ना?’

हे मला तोवर सुचलंच नव्हतं. जखमी माणसाचा नुकसानभरपाईचा हक्क त्याचा स्वतःचा असतो. गाडी चालवणाऱ्या मुलानं, जावयानं, मित्रानं रस्त्यावर काही कबूल केलं म्हणून तो संपत नाही. पण काकूंनी पुढचंही लगेच सांगितलं. हक्क आहे म्हणजे पैसे मिळाले, असं नव्हे. अपघात झाला, याच टेम्पोनं केला आणि मानेला याच अपघातानं लागलं, या तीन गोष्टी दाखवाव्या लागतील. आणि तिन्हींचे पुरावे मी रस्त्यावर सोडून आलो होतो.

पाचव्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी विचारलं, ‘पाच दिवस कुठं होतात?’ प्रश्न बरोबरच होता. मोटार वाहन कायद्याचं १३४ कलम सांगतं की अपघातात कोणाला लागलं तर ड्रायव्हरनं उपचाराची सोय करायची, आणि पोलीस जागेवर नसतील तर लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, ठाण्यात कळवायचं. आपल्या विमा कंपनीलाही. हे फक्त ठोकणाऱ्याला नाही, ज्याला ठोकलं त्या ड्रायव्हरलाही लागू आहे. मला ते माहीतच नव्हतं.

सहाव्या दिवशी पंचनाम्याला त्या जागी गेलो, तर बॅरिकेडच सरकलेले. काचेचा एक तुकडा नाही. समोरच्या दुकानाला कॅमेरा होता. दुकानदार बिचारा चांगला माणूस. म्हणाला, ‘दादा, चार दिवसांचंच राहतं, मग त्याच्यावर नवीन येतं. परवा आला असतात तर दिलं असतं.’ हे ‘परवा’ मला अजून टोचतं.

वाचवलं कशानं, तर दोन गोष्टींनी. एक, तो तीन हजारांचा यूपीआय. त्यावर मालकाचं नाव, तारीख, वेळ, सगळं. जे पैसे घ्यायला नको होते, त्यांनीच दाखवून दिलं की त्या संध्याकाळी आमचा काहीतरी संबंध आला होता. आणि दुसरं, बाबा. मी बाहेर भांडत असताना बाबांनी आरशात बघून टेम्पोचा नंबर पेट्रोलच्या पावतीच्या मागे लिहून ठेवला होता. आरशात उलटा दिसतो, यांनी सुलटा करून लिहिला. वर बाजूला वेळ, सात वाजून बावीस मिनिटं. घड्याळजी माणूस.

एमपरिवहन ॲपवर तो नंबर टाकला, तर टेम्पोचा विमा चालू असल्याचं कळलं. हे ॲप फोनमध्ये असू द्या. समोरच्या गाडीचा विमा कधीपर्यंत आहे, ते रस्त्यावर उभ्या उभ्या कळतं.

आता त्या ‘गरीब माणूस आहे’बद्दल बोलायचंय, कारण तिथंच माझ्यासारखे लोक विरघळतात. मी काकूंना तेच म्हटलं. त्या पोराकडून काय पैसे काढायचे? त्या हसल्या. म्हणाल्या, ‘अरे, थर्ड पार्टी विमा कशासाठी सक्तीचा केलाय?’ १४६ कलमानं प्रत्येक गाडीला तो लागतोच. अपघात करणाऱ्याचा खिसा फाटका असला, तरी ज्याला लागलं त्याला भरपाई मिळावी, हाच त्याचा उद्देश. दावा टेम्पोचा ड्रायव्हर, मालक आणि त्यांची विमा कंपनी या सगळ्यांवर होतो, पण विमा चालू असेल आणि अटींचा मोठा भंग नसेल, तर पैसे कंपनी भरते. म्हणजे पाच हजारांत मिटवून मी गरिबाला वाचवलं नव्हतं. मी एका विमा कंपनीला वाचवलं होतं, आणि मालकाचे पाच हजार घालवले होते.

पण खोटं नाही सांगत, एक बाजू उरतेच. एफआयआर झाली की त्या पोराच्या मागे केस लागते. आता आयपीसी नाही, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. बेदरकार गाडी चालवली तर कलम २८१, त्यात कोणाला दुखापत झाली तर १२५. मला त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. बाबांनाही वाटलं. बाबा म्हणाले, ‘त्याला ब्रेक धड नसलेली गाडी कोणी दिली, ते पण लिही म्हणावं.’ जबाबात त्यांनी ते सांगितलं. ब्रेकचं काय ते तपासात निघेल.

आता समजा उद्या परत तसंच झालं, तर मी काय करीन? सगळ्यात आधी, गाडीतल्या प्रत्येकाला विचारीन, आणि ‘काही नाही रे’ या उत्तरावर विश्वास ठेवणार नाही. मानेचं, डोक्याचं, पोटाचं दुखणं उशिरा वर येतं. ११२ लावीन. अँब्युलन्स हवी असेल तर १०८. आणि मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस योजना आहे, ती लक्षात ठेवा. रस्ते अपघातातल्या जखमीला ठरलेल्या हॉस्पिटलमध्ये दीड लाखापर्यंत, जास्तीत जास्त सात दिवस उपचार. चूक कोणाची, हे त्यासाठी आधी ठरावं लागत नाही.

हॉस्पिटल कुठलंही असो, कळव्याचं शिवाजी हॉस्पिटल असो, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर किंवा एखादं खाजगी, पहिलं वाक्य हे बोलायचं: ‘रस्ते अपघात झालाय, एमएलसी नोंद करा.’ एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस. अपघाताची तारीख, वेळ, गाडीचा प्रकार केस पेपरवर आला पाहिजे. तो कागद दोन वर्षांनी तुमच्या बाजूनं बोलतो. आमचा आज विरुद्ध बाजूनं बोलतोय.

मग फोन. आपला फोन इतका भारी असतो आणि आपण बंपर काढतो! गाड्या हलवण्याआधी लांबून फोटो काढा. दोन्ही गाड्या, त्यांचे नंबर, रस्ता, आजूबाजूचं काहीतरी ओळखीचं, दुकानाची पाटी, खांबाचा नंबर. ब्रेकच्या खुणा, पाणी, खड्डा. समोरच्याचं लायसन्स, आरसी. मग एक सलग व्हिडिओ, चारही बाजूंनी फिरत. हे सगळं दोन मिनिटांत होतं, मग गाडी कडेला घ्या, हॉर्न वाजवणाऱ्यांचा जीव शांत होईल. भांडणाचा व्हिडिओ काढू नका, त्याचा उपयोग रीलला होतो, कोर्टात नाही.

आणि हो, फोटो मूळ फाईल म्हणून जपा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की तो बारीक होतो, तारीख-जागेची माहिती निघून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. डॅशकॅम असेल तर कार्ड त्याच रात्री काढून बाजूला ठेवा. कोर्टात डिजिटल पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ कलमाप्रमाणे प्रमाणपत्र लागतं, ते वकील बघतील, पण मूळ फाईलच नसेल तर वकील तरी काय करणार? आसपासचे कॅमेरे मोजा, आणि त्यांचं फुटेज जपावं म्हणून पोलिसांना लेखी अर्ज द्या. त्याच दिवशी, आणि पोच घ्या.

साक्षीदार म्हणजे सगळी गर्दी नको. एक-दोन नंबर पुरे. रिक्षावाले बघा, ते तिथंच परत सापडतात.

हद्दीचा घोळ आपल्याकडे ठरलेला. शीळ रोडवर चार पावलं पुढं-मागं झालं की ‘आमच्याकडे येत नाही’ ऐकायला मिळतं. झीरो एफआयआर मागा. हद्द कुठलीही असो, नोंद करून पुढं पाठवायची, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १७३ कलमात लिहिलेलंच आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. आणि २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. त्यांच्या मागे लागताना हे आकडे उपयोगी पडतात. गाडी तपासणीला नेली, तर सोपस्कार झाल्यावर २४ तासांत परत द्यायची, हेही कायद्यात आहे, कलम १३६.

गाडीच्या खर्चाचं थोडक्यात. तुमचा कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा असेल तर आपल्या कंपनीकडून काम करून घ्या, ती पुढं समोरच्याच्या कंपनीकडे बघेल. नो क्लेम बोनस जातो, तो हिशोब आधी करा. सर्व्हेअर येईपर्यंत गॅरेजवाल्याला हात लावू देऊ नका. फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या कंपनीकडून गाडीला काही मिळत नाही, समोरच्यावर दावा करावा लागतो. माझ्या एजंटनं पहिला प्रश्न विचारला, ‘समोरून काही पैसे घेतलेत का?’ मी हो म्हणालो आणि पलीकडे शांतता. अडतीसपैकी तेहेतीस हजार मीच भरले.

बाबांचा दावा १६६ कलमाखाली, ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. अपघात झाला तिथं किंवा तुम्ही राहता तिथं, कुठंही करता येतो. एक्स्प्रेसवेवर अपघात झाला म्हणून डोंबिवलीकरानं लांब फेऱ्या मारायची गरज नाही. मुदत सहा महिने. त्यावर सुप्रीम कोर्टात वाद चालू आहे, आणि मुदत उलटली एवढ्याच कारणानं दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झालाय. पण तुम्ही सहा महिनेच धरून चाला. आम्ही पाचव्या महिन्यात केला.

आमची आशा कशावर? एक, या न्यायाधिकरणात फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, कोणती बाजू जास्त संभवनीय, ते बघतात. दोन, एफआयआरला उशीर झाला म्हणून दावा आपोआप खोटा ठरत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये सांगितलंय. तीन, बाबा प्रवासी होते, गाडी चालवत नव्हते. मी अचानक ब्रेक मारला, असं समोरच्या वकिलानं म्हटलं आहेच. चालक म्हणून माझी थोडी चूक निघाली तर माझी भरपाई तेवढी कापली जाईल, प्रवाशाची कापत नाहीत.

एक सावध करतो. हॉस्पिटलच्या बाहेर कोणीतरी भेटेल, ‘केस आमच्याकडे द्या, मिळेल त्यातले इतके टक्के.’ निकालातल्या रकमेचा वाटा फी म्हणून ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, कामगार, कमी उत्पन्नवाले, बऱ्याच जणांना तिथं फुकट वकील मिळतो. आणि ठोकणारा पळूनच गेला, सापडलाच नाही, तरी हिट अँड रनची योजना आहे. मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात.

केस चालू आहे. आत्तापर्यंत तीन तारखा झाल्या. गेल्या तारखेला त्या मानदुखीच्या केस पेपरवरून मला बरंच विचारलं, आणि ‘मग अपघाताचं तेव्हाच का नाही सांगितलंत?’ यावर माझ्याकडे खरं उत्तर एकच होतं, ते दिलं. तो टेम्पोवाला पोरगा बाहेर बाकावर बसला होता. बाबांनी त्याला विचारलं, ‘जेवलास का?’ नंतर दोघं कॅन्टीनला चहाला गेले, मला न सांगता.

बाबा गाळा उघडतात आता, पण बॅटरी, पट्टे, काच एवढंच. मशीन उघडायचं काम कल्याणच्या एका मित्राकडे पाठवतात. निकाल लागला की सांगेन, बाजूनं किंवा विरुद्ध. तुमचा काही अनुभव असेल तर व्हॉइस नोट पाठवा.

हा भाग बाबा ऐकणार आहेत, म्हणून त्यांचा निरोप देतो. आरशातून नंबर लिहून घेताना २ आणि ५ दोनदा बघा, तिथं गडबड होते.